न मिटलेले खाते

त्या सामन्याला वीस वर्षे होऊन गेली होती. ब्राझीलमधील एका दुकानात पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे एक गृहस्थ उभे होते. दुकानात आलेल्या एका स्त्रीने त्यांना ओळखले. सोबतच्या लहान मुलाला तिने त्यांच्याकडे पाहावयास लावले आणि साऱ्या ब्राझीलला रडविणारा मनुष्य तो हाच, असे त्याला सांगितले. गृहस्थांनी ते ऐकले. मोआसिर बार्बोसा हे त्यांचे नाव. ज्या मुलाला हे सांगण्यात आले, त्याचा त्या सामन्याच्या वेळी जन्मही झालेला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धामुळे फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा बारा वर्षे खंडित झाली होती. १९५० मध्ये ती पुन्हा भरली, तेव्हा यजमानपद ब्राझीलकडे आले. त्यासाठी रिओ दि जानेरो शहरात माराकाना नावाचे प्रचंड क्रीडागार उभारण्यात आले. या स्पर्धेत भारतालाही स्थान मिळाले होते, कारण आशियातील प्रतिस्पर्धी संघांनी माघार घेतली होती. भारतीय संघ मात्र गेला नाही. अनवाणी खेळण्यास परवानगी नाकारल्यामुळे तो गेला नाही, ही कथा आपल्याकडे अजूनही आवडीने सांगितली जाते. वास्तविक ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे महत्त्व त्या काळच्या संघटकांना फारसे वाटले नव्हते, हेच खरे कारण असण्याचा संभव अधिक. शेवटी तेराच संघ मैदानात उतरले.

त्या वर्षी आजच्यासारखा अंतिम सामना ठेवलेला नव्हता. शेवटच्या चार संघांनी परस्परांशी खेळावे आणि ज्याचे गुण अधिक तो विजेता, अशी व्यवस्था होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे लोळविले. उरुग्वेची मात्र स्पेनशी बरोबरी झाली आणि स्वीडनवर त्याने जेमतेम मात केली. १६ जुलैला हे दोन शेजारी समोरासमोर आले, तेव्हा ब्राझीलला विजयाचीही आवश्यकता नव्हती. बरोबरी पुरेशी होती.

व्यापारात मुरलेला मनुष्य सौदा पुरा होण्याआधी नफा जमेस धरीत नाही. ब्राझीलने तो धरला. सामन्यापूर्वीच एका वृत्तपत्राने ब्राझीलच्या संघाचे छायाचित्र जगज्जेते म्हणून छापले. विजयगीत रचून तयार होते. रिओच्या नगराध्यक्षांनी खेळ सुरू होण्याआधीच भाषणात आपल्या खेळाडूंना विजेते म्हणून संबोधिले. जागतिक फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांनीही अभिनंदनाचे भाषण पोर्तुगीज भाषेत लिहून आणले होते. तिकीट काढून आलेले प्रेक्षकच १,७३,८५० होते. एकूण गर्दी दोन लाखांच्या घरात गेली असावी.

उत्तरार्ध सुरू होताच फ्रियासा यांनी ब्राझीलसाठी गोल केला. गर्दी बेभान झाली. उरुग्वेचे कर्णधार ओब्दुलिओ वारेला यांनी चेंडू काखेत घेतला आणि ते इंग्रज पंचांशी वाद घालीत राहिले. गोल रद्द होणार नाही, हे त्यांनाही ठाऊक असावे. त्यांना हवा होता तो केवळ वेळ, गोंगाट थोडा निवळण्यापुरता. ६६ व्या मिनिटाला अल्सिदेस गिजिया उजव्या कडेने धावत आले, त्यांनी चेंडू मध्यभागी दिला आणि स्कियाफिनो यांनी तो जाळ्यात धाडला. बरोबरी झाली. अजूनही विश्वचषक ब्राझीलचाच होता.

७९ व्या मिनिटाला गिजिया पुन्हा त्याच कडेने आले. गोलरक्षक होते बार्बोसा. वास्को द गामा या रिओतील नामांकित संघाचे हे गोलरक्षक आदल्याच वर्षी दक्षिण अमेरिकेचे विजेतेपद जिंकणाऱ्या ब्राझील संघात होते. मागच्या वेळी याच जागेवरून चेंडू मध्यभागी गेला होता आणि मध्यभागी उरुग्वेचे खेळाडू वाट पाहत होते. बार्बोसा यांनी तोच अंदाज बांधला आणि गोलखांबापासून किंचित पुढे सरकले. खांब आणि ते यांच्यात एक फट राहिली. गिजिया यांनी चेंडू मध्ये न देता त्या फटीवर फटका मारला. बार्बोसा यांनी मागे झेप घेतली. चेंडूला बोटे लागल्याचे त्यांना जाणवले आणि तो बाहेर गेला असे क्षणभर वाटले. मग मैदानावरील शांतता त्यांच्या कानी आली.

उपलब्ध माहितीवरून घेतलेला निर्णय योग्य असतो आणि तरीही नुकसान होते, याचा अनुभव पेढीवर बसणाऱ्या कोणालाही नवा नाही. अशा वेळी जाणता वडीलधारा मुलाला बोल लावीत नाही. ब्राझील इतका जाणता ठरला नाही. सामना २-१ असा संपला. रिमे यांचे भाषण खिशातच राहिले. गोंधळात वारेला यांना शोधून त्यांनी विश्वचषक कसाबसा त्यांच्या हाती दिला. त्याच रात्री वारेला रिओच्या रस्त्यांवर फिरले, हरलेल्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचे दुःख पाहून व्यथित झाले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

पराभवाचा दोष मुख्यतः तिघांवर आला : बार्बोसा, बिगोडे आणि जुवेनाल. तिघेही कृष्णवर्णीय. ज्या देशात गुलामगिरी १८८८ पर्यंत कायदेशीर होती, तेथे हा योगायोग मानणे कठीण आहे. संघाने त्या दिवशी एकच गोल केला, याचा जाब आक्रमक खेळाडूंना तितक्या कठोरपणे कोणी विचारला नाही. बार्बोसा यांना त्यानंतर राष्ट्रीय संघातून केवळ एकदा, १९५३ मध्ये खेळावयास मिळाले. पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून कृष्णवर्णीय खेळाडू विश्वचषकात उतरण्यास पुढे २००६ साल उजाडावे लागले.

पोशाखही दोषी ठरला. पांढरा सदरा अपशकुनी मानून टाकून देण्यात आला आणि नव्या पोशाखासाठी स्पर्धा जाहीर झाली. आज जगप्रसिद्ध असलेला पिवळा-हिरवा पोशाख त्या स्पर्धेतून निघाला. तो रेखाटणारा आल्दिर श्ली हा तरुण उरुग्वेच्या सीमेजवळचा आणि मनाने उरुग्वेचाच पाठीराखा होता! सामन्याच्या दिवशी नऊ वर्षांच्या एका मुलाने आपल्या वडिलांना रडताना पाहिले आणि विश्वचषक मी जिंकून आणीन असे त्यांना सांगितले. तो मुलगा म्हणजे पेले. १९५८ मध्ये त्याने शब्द खरा केला. पुढे १९६२, १९७०, १९९४ आणि २००२ मध्येही ब्राझील जिंकला. एका घाट्याची भरपाई पाच वेळा झाली, परंतु बार्बोसा यांच्या नावावरची बाकी तशीच राहिली.

संवत्सरीच्या दिवशी आपल्या घरांत धाकटा थोरल्याला आणि थोरला धाकट्याला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. अमुक प्रसंगी चूक नेमकी कोणाची होती, याची छाननी करून मग कोणी हात जोडीत नाही. बार्बोसा यांच्या बाबतीत तर क्षमेचा प्रश्नही सरळ नव्हता. त्यांनी ती मागितली नाही, कारण आपण अपराधी आहोत हे त्यांना मान्य नव्हते. मैदानात आम्ही अकरा जण होतो, असे ते म्हणत. क्षमा मागावयाची असलीच तर ती दुसऱ्या बाजूने मागावयाची होती, आणि ती बाजू म्हणजे एक सबंध देश.

खेळ संपल्यावर बार्बोसा यांनी माराकानाच्याच संकुलात नोकरी केली. पुढे क्रीडागाराचे जुने लाकडी गोलखांब त्यांना मिळाले आणि त्यांनी ते जाळून टाकले, असे म्हणतात. ही कथा खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना त्यांच्या मनातील आग ठाऊक होती. १९९३ मध्ये ते राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात खेळाडूंना भेटावयास गेले. त्यांची छाया अशुभ ठरेल म्हणून त्यांना आत घेण्यात आले नाही. आयुष्याच्या अखेरीस ते म्हणाले होते की, ब्राझीलच्या कायद्यात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे आणि आपण मात्र पन्नास वर्षे भोगीत आहोत. ७ एप्रिल २००० रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

८ जुलै २०१४ रोजी ब्राझील पुन्हा स्वतःच्या भूमीवर हरला, जर्मनीकडून ७-१ असा. त्यानंतर बार्बोसा यांच्यावरचा कलंक धुतला गेला, असे अनेकांनी लिहिले. दुसऱ्या अकरा जणांच्या नामुष्कीतून मिळालेली ही सुटका, तीही चौदा वर्षे उशिरा.

ज्या गिजिया यांनी तो गोल केला, त्यांना मात्र माराकानात फार आधीच मान मिळाला होता. २००९ च्या डिसेंबरात ब्राझीलने त्यांना सन्मानाने बोलावून घेतले आणि नामवंत खेळाडूंच्या पंक्तीत त्यांच्या पावलांचा ठसा उमटवून घेतला. ८३ वर्षांचे गिजिया त्या दिवशी गहिवरून गेले. त्यांचे निधन १६ जुलै २०१५ रोजी झाले. त्या सामन्याला त्या दिवशी बरोबर ६५ वर्षे पूर्ण होत होती.