दर्याची मापं

वरळी कोळीवाड्यातल्या होड्या ज्या वाटेने समुद्रात जातात, नेमके तिथेच सागरी किनारा मार्गाचे खांब येणार होते. महापालिकेच्या आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर 60 मीटर होतं. कोळी म्हणाले, 160 हवं. आराखड्यातून होडी सरळ जाते, कारण त्यात ना भरतीची ओढ, ना वारं, ना मधेच बंद पडलेलं इंजिन. काम अडलं, आंदोलनं झाली आणि डिसेंबर 2022 मध्ये एक खांब वगळून अंतर 120 मीटर करायचं ठरलं. बाजारातल्या घासाघिशीत सौदा पटावा तसा हा आकडा. जे पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने जातात त्यांना आधीच विचारलं असतं, तर ते फुकटात सांगून मोकळे झाले असते.

‘नील अर्थव्यवस्था’ हा शब्द अलीकडे सरकारी भाषणांत चांगलाच रुळलाय. बंदरं, मासळी, पर्यटन, सगळं त्याच एका पाटीखाली बसवलं जातं. ते टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी समुद्राचं माप कोण घेतो यावर ठरतं, असं मला आपल्या लांबलचक किनाऱ्याकडे पाहून वाटतं.

पापलेटच घ्या. 2023 मध्ये सरकारने त्याला राज्यमासा केलं, आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. नियम उत्तम, शास्त्राला धरून आहे. पण बारीक आसाच्या, म्हणजे विणीत लहान छिद्रं असलेल्या डोल जाळ्यात मासा शिरतो तेव्हा पट्टी घेऊन कोण उभं असतं? जाळं वर येईपर्यंत पिल्लू मेलेलं असतं. म्हणजे मोजायचा तो जाळ्याचा आस, आणि तोही बंदरातच, बोट निघायच्या आधी. शिवाय तळहातात मावणारी पापलेटं वाट्यावर स्वस्त मिळाली की पिशवी पुढे करणारे आपणच. पापलेटसाठी नावाजलेल्या सातपाटीच्या बोटींना मोठा मासा मिळेना, याची चर्चा आपण तीच लहान पापलेटं तळून खाताना करतो.

मैलांची गोष्ट आणखी गमतीची. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत राज्याची सत्ता, पुढे केंद्राची. बोट जरा पुढे सरकली की सरकार बदलतं. राज्याने फेब्रुवारी 2016 मध्ये मासळीचा थवाच वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी आणली, आणि 2021 मध्ये राज्याच्या कायद्यातले दंडही वाढले. गस्तीच्या बोटी मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. म्हणून किनाऱ्यावरून रापण ओढणारा मालवणचा मच्छीमार अजून रात्री किनाऱ्यावर उभा राहून दूरचा उजेड मोजतो.

डहाणूजवळच्या वाढवण बंदराची मात्र सगळी मापं मोठी. 76,220 कोटी रुपये, समुद्रात भराव घालून 1,448 हेक्टर जमीन. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणूसाठी 1996 मध्ये पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने 1998 मध्ये इथल्या बंदराला नकार दिला होता. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि ऑगस्ट 2024 मध्ये पायाभरणी झाली. किनारा तोच, पाण्याखालचे खडक तेच. या खडकांत मासे अंडी घालतात, पिल्लं वाढतात, असं तिथले मच्छीमार सांगत आले आहेत. देशाला खोल पाण्याचं बंदर हवं, हे मीही मानतो. मोठी जहाजं जवळ आणायची तर अशी जागा लागतेच. पण नोकऱ्यांचा हिशेब झाला तसा त्या खडकांचा ताळेबंद कोणी मांडलेला मला दिसला नाही. भरपाई होडीची देता येते. मासेमारीच्या जागेची किंमत कशी काढणार, आणि खलाशाला, सुकट विकणाऱ्या बाईला त्यातलं काय मिळणार? तिच्या नावावर होडीही नसते आणि सातबाराही नसतो.

जमलेल्या गोष्टी लहान आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर पूर्वी कासवांची अंडी चोरीला जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने आणि तिच्या भाऊ काटदरेंनी 2002 मध्ये घरटी राखायला घेतली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, आणि जिवंत पिल्लू अंड्यापेक्षा जास्त कमाई करून देऊ लागलं. डिसेंबर 2018 पासून जाळ्यात अडकलेलं कासव किंवा देवमासा सोडण्यासाठी जाळं कापलं, तर सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. कापलेल्या जाळ्याची किंमत तरी कोणीतरी मोजली!

आणि काळाचं माप. कोळी पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच होड्या पाण्यात लोटत. आता 1 जून ते 31 जुलै बंदी, आणि 1 ऑगस्टला समुद्र खुला. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा गेली 30 ऑगस्टला. जे परंपरेप्रमाणे थांबले, त्यांनी नारळ वाहिला तेव्हा बाकीच्यांची जाळी समुद्रात पडून महिना होत आला होता.