अर्धा माल गिऱ्हाईकाच्या हाती : लढाऊ विमानांच्या मॉडेल किटचा व्यवसाय

बहुतेक धंद्यांत तयार माल विकला जातो. शिवलेला सदरा, भाजलेला पाव, जोडलेला पंखा. एक धंदा मात्र असा आहे की त्यात कारखानदार मुद्दाम अर्धवट माल विकतो आणि उरलेले काम गिऱ्हाईक पदरचे पैसे मोजून, रात्री जागून, आनंदाने पुरे करते. हा धंदा म्हणजे लढाऊ विमानांच्या प्लॅस्टिक मॉडेल किटचा. खोक्यावर आकाशात झेपावणाऱ्या विमानाचे चित्र असते. आत पाहावे तर करड्या प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले पन्नास-शंभर तुकडे, काचेसारखी पारदर्शक टोपी, पाण्यात भिजवून लावायच्या चिन्हांचा कागद आणि जोडणीचे पत्रक. रंग आणि गोंद बहुधा वेगळे घ्यावे लागतात. व्यापाऱ्याने इथेच लक्ष द्यावे. किट एकदाच विकले जाते. रंग, थिनर, ब्रश, पॉलिश पेपर यांसाठी गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा दुकानाची पायरी चढते. अर्थात, पहिले विमान त्याच्या हातून नीट उतरले असेल तरच.

आधी मापाचे गणित समजून घेऊ. सर्वांत जास्त खपणारे माप १/७२. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट मॉडेलमध्ये एक इंच होतात. ब्रिटनमध्ये १९३६ साली फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ नावाने किट काढली, ती याच मापाची. दुसऱ्या महायुद्धात आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे ओळखायला सैनिकांना शिकवण्यासाठी जी काळी मॉडेल्स बनवली गेली, त्यांचेही माप हेच, आणि ते पुढे रूढ झाले. याहून मोठी मापे १/४८ आणि १/३२. स्पिटफायर या ब्रिटिश विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. १/७२ मध्ये तो साडेपंधरा सेंटिमीटर होतो, १/४८ मध्ये साडेतेवीस आणि १/३२ मध्ये पस्तीस. आपल्या हवाई दलातून सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालेले मिग-२१ घ्या. नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमाने तयार होत असत. त्याचे पंख जेमतेम सव्वासात मीटर. १/७२ मध्ये तळहातावर मावणारे दहा सेंटिमीटर. घरात कपाट लहान असेल तर गिऱ्हाइकाला कोणते माप दाखवायचे हे दुकानदाराला यावरून कळावे.

कंगव्यापासून विमानापर्यंत

या धंद्याचे सर्वांत गाजलेले नाव एअरफिक्स. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने १९३९ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली, ती हवा भरायच्या रबरी खेळण्यांची. व्यापारी सूचीत नाव वरच्या बाजूला यावे म्हणून ‘ए’पासून सुरू होणारे नाव घेतले, असे सांगतात. युद्धानंतर १९४७ च्या सुमारास इंजेक्शन मोल्डिंगचे यंत्र आणून कंपनी प्लॅस्टिकचे कंगवे काढू लागली. मग फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना दाखवण्यासाठी छोटा ट्रॅक्टर बनवण्याचे काम मिळाले. ते मॉडेल कारखान्यात हाताने जोडावे लागे आणि मजुरी अंगावर येई. तेव्हा तुकडे तसेच विकावेत आणि जोडण्याचे काम घेणाऱ्यावर सोपवावे, ही युक्ती निघाली. एवढ्या मोठ्या धंद्याचे मूळ मजुरी वाचवण्यात आहे!

१९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचे किट साध्या पॉलिथिन पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना विकले गेले. पुढच्या वर्षी स्पिटफायर आले, आणि एका पिढीच्या मुलांची पॉकेटमनी तिकडे वळली.

या कंपनीची पुढची हकिकतही व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. जानेवारी १९८१ मध्ये एअरफिक्स बुडाली, ती विमानांमुळे नव्हे. मेकॅनो आणि डिंकी हे खेळण्यांचे जुने उद्योग तिने अंगावर घेतले होते, त्यांच्या तोट्याने चालता धंदाही खाली ओढला. त्यानंतर नाव आणि साचे हातोहात फिरले. १९८६ मध्ये ते रंग बनवणाऱ्या हम्ब्रॉलकडे गेले. २००६ मध्ये तीही कोसळली आणि हॉर्नबीने ते विकत घेतले. मधल्या काही वर्षांत एअरफिक्सची कित्येक किट भारतात तयार होत होती आणि खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेले असे. आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना याची वार्ता होती.

जपानच्या शिझुओका शहरातल्या तामियाची गोष्ट निराळी. मूळ धंदा लाकडाच्या वखारीचा. १९६० मध्ये त्यांनी ‘यामातो’ युद्धनौकेचे पहिले प्लॅस्टिक किट काढले, तर दुसऱ्या कंपनीने तेच जहाज कमी किमतीत बाजारात आणले. तामियाचा माल पडून राहिला. यातून उठताना त्यांनी किमतीची चढाओढ सोडली आणि तुकडा तुकड्यात नेमका बसेल, पत्रक वाचून नवख्यालाही जोडता येईल, यावर भर दिला. आजही जाणकार नवख्याला तामियाचे किट घ्यायला सांगतात ते याच कारणाने. अर्धवट माल विकणाऱ्याची पत, गिऱ्हाइकाचे अर्धे काम किती सोपे केले यावर ठरते.

जोडणी

आता गिऱ्हाइकाच्या वाट्याचे काम पाहू. दुकानदाराला ते स्वतः करता आले पाहिजे, निदान नीट सांगता तरी आले पाहिजे.

साच्यातून तुकडा सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश प्लॅस्टिकवर राहतो. म्हणून आधी चौकट साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवावी. तुकडा कधीही पिळून तोडू नये. बारीक कटरने थोडा लांब कापावा, मग उरलेला खुंट जवळून, आणि शेवटी पॉलिश पेपरने घासावा. विमानात सुरुवात वैमानिकाच्या बैठकीपासून होते, कारण धडाचे दोन भाग एकदा बंद झाले की आत ब्रश जात नाही. मिग-२१ सारख्या, पुढे चाक असलेल्या विमानांत धड बंद करण्यापूर्वी नाकात शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा चिकटवावा. हे विसरले तर तयार विमान शेपटीवर बसते आणि मग उपाय राहत नाही.

गोंद म्हणजे इथे चिकटवणारा पदार्थ नव्हेच. पॉलिस्टायरिनचा खास सिमेंट प्लॅस्टिकला किंचित वितळवतो आणि दोन्ही कडा एकजीव होतात. पातळ सिमेंट असेल तर तुकडे आधी जुळवून धरावेत आणि सांध्याला ब्रश नुसता टेकवावा. द्रव आपोआप फटीत धावतो. पारदर्शक टोपीला मात्र हा सिमेंट लावू नये आणि झटपट चिकटणारा गोंद तर नकोच. त्याच्या वाफेने काच धुक्यासारखी पांढरी होते. प्रस्तुत लेखकाची पहिली तीन विमाने अशी आंधळी झाली आहेत. टोपीला साधा फेव्हिकॉल उत्तम. तो वाळला की दिसत नाही.

सांध्यात फट राहिलीच तर लांबी भरून घासावी. गॅरेजमध्ये मोटारीच्या पत्र्याला करतात तेच हे काम, फक्त बोटाच्या पेराएवढ्या जागेत.

रंग

खरी परीक्षा रंगात. पहिला हात अस्तराचा. करडे अस्तर बसले की डोळ्याला न दिसलेली प्रत्येक चीर आणि ओरखडा उघडा पडतो. मग पुन्हा लांबी, पुन्हा घासणे. घाईचे गिऱ्हाईक ही पायरी गाळते आणि शेवटी दुकानदाराच्या रंगाला दोष देते.

रंग मुख्यतः तीन जातींचे. एनॅमल सावकाश वाळतो, पण ब्रशने गुळगुळीत बसतो. हम्ब्रॉलच्या चौदा मिलिलिटरच्या डब्या यातल्या. पाण्याच्या ॲक्रिलिकला वास कमी, मुलांसाठी तोच बरा. लॅकर सर्वांत पातळ आणि कठीण बसतो, पण त्याचा थिनर उग्र असतो. खिडकी उघडी आणि तोंडावर वाफ अडवणारा मास्क असल्याशिवाय तो मारू नये. कच्च्या एनॅमलवर लॅकर मारला तर खालचा थर सुरकुततो. एका जातीचा थिनर दुसऱ्यात घालू नये. दुकानात या बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवल्या तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

एअरब्रशचे काम फर्निचर किंवा मोटारी रंगवणाऱ्या कारागिराला लवकर जमेल. सुई ०.२ ते ०.३ मिलिमीटरची, रंग दुधाइतका पातळ, हवेचा दाब पंधरा-वीस पौंड. फिका रंग आधी, गडद नंतर, मध्ये मास्किंग टेप. पावसाळ्यात कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली लावलीच पाहिजे. मुंबई-कोकणात जुलैच्या दमट हवेत लॅकर मारला तर रंगावर पांढरट साय येते. पॉलिशवाल्यांना हा अनुभव नवा नाही.

चिन्हे लावण्याआधी चकचकीत वार्निशचा एक हात हवा. खरखरीत रंगावर चिन्ह लावले तर खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी डाग दिसतो. गुळगुळीत पृष्ठभागावर आपल्या हवाई दलाचे वर्तुळ—बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा—रंगवल्यासारखे बसते. मग पातळ केलेला काळपट तेलरंग पत्र्याच्या रेघांत सोडून वरचा पुसून काढायचा आणि शेवटी मॅट वार्निश. खरी लढाऊ विमाने सहसा चकाकत नाहीत, तेव्हा मॉडेलही चकाकता कामा नये. आणखी एक बारकावा : खऱ्या विमानाचा अचूक रंग लहान मॉडेलवर जास्त गडद दिसतो. म्हणून अनुभवी लोक त्यात थोडा पांढरा मिसळतात.

साचा जुना, खोके नवे

या धंद्यातली सर्वांत मोठी भांडवली वस्तू पोलादी साचा. तो फार महाग पडतो, पण दशकानुदशके चालतो. १९७० च्या दशकात फ्रॉगचे साचे सोव्हिएत रशियात गेले आणि तिथून ‘नोवो’ नावाने किट बाहेर पडू लागली. जर्मन आणि जपानी विमाने रशियनांना नको होती. त्यांचे साचे रेव्हेलने घेतले. पुढेही हे जुने साचे निरनिराळ्या नावांनी चालत राहिले. त्यामुळे खोके कोरे, चित्र झकास आणि आतला माल पन्नास वर्षांपूर्वीच्या आराखड्याचा, असे सर्रास घडते. ओळखण्याची खूण सोपी आहे. पत्र्याच्या रेघा कोरलेल्या नसून वर उठलेल्या असतील आणि तुकड्यांच्या कडेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असेल, तर साचा जुना आणि झिजलेला. असा माल स्वस्त म्हणून विकायला हरकत नाही, पण सांगून विकावा. चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्डने २०११ मध्ये काढलेले १/४८ चे मिग-२१ याच्या शेजारी ठेवले तर गिऱ्हाइकाला फरक सांगावाही लागत नाही.

आपल्याकडे बहुतेक किट आयात होतात. वाहतूक आणि जकात धरली की किंमत वाढते, म्हणून पन्नास प्रकारची खोकी भरून भांडवल अडकवण्यात शहाणपण नाही. दहा-बारा चांगली किट आणि रंग-साहित्याचा पुरेसा साठा बरा. काही जण दुसऱ्यांची मॉडेल्स मोबदला घेऊन जोडून, रंगवून देतात. निवृत्त अधिकाऱ्याला आपण उडवलेले विमान हवे असते, तेही नेमक्या क्रमांकासह. हे काम घेताना हिशेब तासांचा करावा. समजा १/४८ च्या विमानाला चाळीस तास लागले आणि किटच्या किमतीइतकीच मजुरी सांगितली, तर शिकाऊ पेंटरचा रोजही सुटणार नाही. पहिल्या दोन-तीन विमानांचे तास वहीत मांडावेत, वाळण्याचे दिवस वेगळे लिहावेत आणि त्यानंतरच दर सांगावा. किटची रक्कम आगाऊ घ्यावी आणि विमानाचा क्रमांक, वर्ष व स्क्वॉड्रन गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यावे. शेपटीवरचा एक आकडा चुकला तरी असे गिऱ्हाईक विमान परत करते.