बर्डीतून आणलेलं घरचं क्लाऊड

हार्ड डिस्क कधी ना कधी बंद पडणारच. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी दुसरी कॉपी तुमच्याकडे असेल का?

टक... टक... टक...

हा आवाज कधी ऐकलाय? एक्स्टर्नल हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली, दिवा लागला, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. आतून फक्त टकटक. मी तो ऐकला मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला, सबमिशनच्या चार दिवस आधी. ऑडिओ डॉक्युमेंटरीसाठी आजीच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. अकरा फाइल्स. आजी मार्चमध्ये गेली आणि डिस्क जुलैत.

सीताबर्डी इंटरचेंजला मेट्रोतून उतरले आणि दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानातल्या दादांनी डिस्क कानाशी धरली. म्हणाले, "ताई, हेड गेलं हिचं. खोलायचं काम इथं होत नाही, बाहेर पाठवा लागते. डेटा निघंल का नाही, गॅरंटी नाही." खर्चाचा आकडा ऐकून आई गप्पच झाली. मग त्यांनी विचारलं, "दुसरी कॉपी कुठं हाय?"

दुसरी कॉपी नव्हती. एडिटिंगसाठी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर टाकलेल्या सात फाइल्स तेवढ्या नशिबाने सापडल्या. चार गेल्या त्या गेल्याच.

त्यानंतर मी घरात नेटवर्क स्टोरेज बसवलं. त्यात काय शिकले, काय चुकले, ते सांगते. तुमच्याही फोनमध्ये 'स्टोरेज फुल्ल' येत असेलच. गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. एका ट्रिपचे व्हिडिओच त्यातला मोठा घास घेतात.

हा डबा असतो तरी काय?

नेटवर्क स्टोरेज, म्हणजे 'नॅस'. एक छोटा कॉम्प्युटरच, पण त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. पोटात एक-दोन हार्ड डिस्क असतात आणि तो केबलने घरच्या राउटरला जोडलेला असतो. घरातल्या सगळ्यांचे फोन आणि लॅपटॉप वायफायवरून त्यात फाइल्स ठेवतात. रात्री चार्जिंगला लावलेला फोन आपोआप फोटो टाकतो. महिन्याचं भाडं नाही.

सिनॉलॉजी, क्यूनॅप यांचे तयार डबे मिळतात. बजेट नसेल तर घरातला जुना डेस्कटॉपही चालतो. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्टसारखी फुकट प्रणाली टाकता येते. वीज थोडी जास्त खाईल आणि सेटिंगला एक रविवार जाईल, पण शिकायला यासारखं दुसरं काही नाही.

डिस्क घेताना

बर्डीत "टीबी किती पाहिजे?" हा पहिला प्रश्न असतो. तुम्ही आधी दुसरा विचारा: "सीएमआर आहे की एसएमआर?" एसएमआर डिस्कमध्ये डेटाच्या रेघा कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. त्यामुळे सतत लिहिण्याच्या कामात ती रडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या नॅससाठीच्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं, तेव्हा जगभरचे ग्राहक भडकले होते. नॅससाठी सीएमआर घ्या. मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की कळतं.

४ टीबीची डिस्क कॉम्प्युटरवर साधारण ३.६ दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या.

दोन डिस्क घ्यायच्या असतील तर शक्यतो दोन वेगवेगळ्या दुकानांतून घ्या. एकाच खोक्यातल्या जुळ्या बहिणींमध्ये काही दोष असला, तर दोघी सोबतच आजारी पडायची भीती. बिल सांभाळा आणि सिरियल नंबर टाकून वॉरंटी तपासा. सेकंडहँड मिळत असेल तर ती किती तास चालली आहे ते बघा, डिस्क स्वतःच त्याची नोंद ठेवते. २६ हजार तास म्हणजे तीन वर्षं अखंड ड्युटी.

बसवताना

काम अर्ध्या तासाचं आहे, घाई करू नका. डब्याची वायर काढा. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. डिस्क बाजूंनी धरा, हिरव्या सर्किटला बोट नको. ट्रेमध्ये बसवा, स्क्रू हलक्या हाताने आवळा आणि ट्रे टोकापर्यंत सरकवा. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी वाकडं बसलंय.

सुरू असलेला डबा मात्र हलवू नका. आतल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माझी पहिली डिस्क पलंगावरून पडली होती, चालू असताना. "काही नाही झालं" असं म्हणून मी ती दोन महिने वापरली. ती टकटक तिथूनच आली.

डबा सुरू झाला की लॅपटॉपच्या ब्राउझरमधून सेटिंग करायचं. 'या डिस्कवरचा सगळा डेटा पुसला जाईल' अशी सूचना येते. ती खरी असते, त्यामुळे डिस्क रिकामी आहे याची खात्री करूनच पुढे जा. दोन डिस्क असतील तर 'रेड १' निवडा, म्हणजे एकीवर लिहिलेलं दुसरीवरही जसंच्या तसं लिहिलं जातं. मग लगेच फोटो ओतू नका. आधी डिस्कची लांब स्मार्ट टेस्ट लावा. ४ टीबीला सात-आठ तास सहज लागतात. नवी डिस्क खराब निघायची असेल तर ती रिकामी असतानाच कळलेलं बरं.

आणि ट्रेवर मार्करने १, २ लिहा, शेजारी सिरियल नंबर. उद्या एक डिस्क गेली आणि तुम्ही चुकून चांगली ओढून काढली, तर?

नागपूरच्या उन्हाळ्यात

परदेशी व्हिडिओ बघून डबा बसवाल, पण तिकडे मे महिना आपल्यासारखा नसतो. बाहेर ४५ अंश आणि डबा बंद कपाटात, म्हणजे आत भट्टी. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा साठच्या थोडी वर असते. मी ती ४५ च्या आत ठेवायचा प्रयत्न करते. हे तापमान डब्याच्या सेटिंगमध्ये दिसतं. उघड्या फळीवर ठेवा, मागे चार बोटं जागा सोडा, पंख्याची जाळी ब्रशने साफ करा.

दुसरी गोष्ट, कूलर. मी डबा थंड राहावा म्हणून कूलरच्या अगदी तोंडासमोर ठेवला होता. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "खस ओला होते नं त्याचा, पाणी उडते, आन् तू मशीन ठेवून रायली?" बरोबर होतं त्यांचं. ओलसर वारा थेट मशीनवर नको.

तिसरी, वीज. मृगाच्या आधीची वादळं आणि लाइटची ये-जा आपल्याला नवी नाही. लिहितानाच वीज गेली तर फाइल बिघडू शकते. छोटा यूपीएस घ्या, शक्यतो यूएसबीने डब्याला जोडता येणारा. मग बॅटरी संपत आली की डबा स्वतःच नीट बंद होतो.

आरसा म्हणजे बॅकअप नाही

इथेच बहुतेक जण फसतात. दोन डिस्क आहेत, म्हणजे दोन कॉपी आहेत, असं वाटतं. पण त्या आरशासारख्या आहेत. तुम्ही फोल्डर डिलीट केलं, तर आरशातलंही जातं. व्हायरसने फाइल्सना कुलूप लावलं, तर दोन्हीकडे लागतं. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे डबे जगभर लॉक केले होते. म्हणून पासवर्ड बदला, अपडेट टाका आणि बाहेरून उघडायची हौस गरजेशिवाय नको.

आणि पाणी? २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांच्या पावसात अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, बर्डीत मोरभवनच्या बसेस पाण्यात उभ्या होत्या. तळमजल्यावरच्या खोलीत एक डिस्क असो की चार, पाणी मोजत बसत नाही.

म्हणून ३-२-१ चा नियम. पीटर क्रॉघ या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकप्रिय केला. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. माझं असं आहे: एक लॅपटॉपवर, एक डब्यात आणि एक साध्या एक्स्टर्नल डिस्कवर, जी अमरावतीला मामाकडे कपाटात असते. दर दिवाळीला आणि उन्हाळ्यात गेले की ती अपडेट करते. मामी म्हणते, "तुझी ती पेटी घेऊन जा नं आता." नाही नेत.

महिन्याला दहा मिनिटं

• स्मार्ट रिपोर्ट उघडा. 'रिअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरचे आकडे शून्य असतील तर उत्तम. वाढत असतील तर लगेच कॉपी घ्या आणि डिस्क बदला.
• तापमान बघा, जाळी साफ करा.
• डब्यात 'स्क्रब' ची सोय असेल तर महिन्यातून एकदा लावा. तो सगळा डेटा वाचून चुका शोधतो.
• बॅकअपमधली कुठलीही एक फाइल उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर विश्वास ठेवू नका.

ते शेवटचं काम मला सगळ्यात आवडतं. दर महिन्याला त्या सात फाइल्सपैकी एक लावते. एकीत आजी ओवी मध्येच थांबवून विचारते, "हे सुरू हाय का गं?"

तुमच्याकडेही अशी एखादी फाइल असेल. आज झोपायच्या आधी स्वतःला दुकानातल्या दादांचा प्रश्न विचारा: दुसरी कॉपी कुठं हाय? उत्तर आलं नाही, तर निदान एक पेन ड्राइव्ह भरून मित्राकडे ठेवा. डब्यासाठी बर्डी आहेच, शनिवारी जा.