धरणाआधीचे धक्के

वारणेकडून हलकासा धक्का आला, कोल्हापुरात भांडी वाजली, की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक वाक्य ठरलेलं: कोयनेला पाणी अडवलं म्हणून हे सुरू झालं, त्याआधी आपल्याकडं जमीन कधी हललीच नव्हती. यातलं पहिलं अर्धं बरंचसं खरं आहे. १९६२ पासून कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागलं, पाठोपाठ लहान धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपानं कोयनानगर उद्ध्वस्त केलं. पण पाणी निमित्त ठरतं. खडकात ताण आधीपासून असावा लागतो.

दुसरं अर्धं मात्र कागद न उघडता केलेलं विधान आहे. इतिहासकार य. न. केळकर यांनी १९६८ च्या जानेवारीतच, म्हणजे राडारोडा उपसला जात असताना, 'केसरी'त महाराष्ट्रातल्या गेल्या तीनशे वर्षांतल्या भूकंपांवर लिहिलं होतं. भूकंपांच्या याद्यांत लोहगड (१७५२) आणि महाबळेश्वर (१७६४) ही नावं आहेत. मग एवढ्याच नोंदी का, असं कुणी विचारील. दफ्तरातला कारकून लिहायचा तो खर्च. बुरूज ढासळला आणि डागडुजीला रक्कम लागली तर कागद तयार व्हायचा. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या धनगरवाड्यात जमीन हलली तर ती कोण आणि कशाला टिपणार? कोयनेच्या खोऱ्यात यंत्रं आली तीच धरणाच्या निमित्तानं. नोंद नाही याचा अर्थ धक्का नाही, असा होत नाही. इतकी साधी गोष्ट अजून सांगावी लागते.

अर्थात जुना कागद म्हणजे वेदवाक्यही नव्हे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात किंवा कोल्हापूर पुरालेखागारातल्या मोडी कागदांच्या रुमालांत 'सन खमस सितैन मया व अलफ' असं दिसलं, तर ते शुहूर सन ११६५. ते जूनच्या सुमारास, मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून त्यात १७६४ चा उत्तरार्ध येतो आणि १७६५ चा पूर्वार्धही. महिना न पाहता आकडेमोड केली की एकाच भूकंपाचे यादीत दोन होतात. शिवाय आपल्याकडच्या पावसात बुरूज भूकंपाशिवायही कोसळतात, तेव्हा दोन वेगळ्या गावांहून एकाच सुमाराची नोंद मिळाल्याशिवाय निकाल देऊ नये. मे १६१८ मध्ये मुंबईत भूकंपानं दोन हजार माणसं मेली, असं कित्येक याद्या सांगतात. मूळ वर्णनात उडालेली छपरं, उन्मळलेले माड आणि बुडालेली गलबतं आहेत. हे चक्रीवादळ आहे! आठव्या-नवव्या शतकात कोल्हापूर भूकंपात खचलं, ही कथाही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणातून पसरली. हजार वर्षांनंतरचा साक्षीदार तो. तरीही दख्खनचं पठार अचल ठरत नाही; तो समज ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपानं मोडला.

जमीन आधीही हलत होती, मग धरण निर्दोष, असं काही लोक लगेच म्हणू लागतात. तेही चूक. १९८५ नंतर वारणेचं धरण भरू लागलं तसे धक्के दक्षिणेकडं, चांदोलीच्या अंगाला सरकले. जुन्या नोंदी शतकांवर आणि लांबलांबच्या ठिकाणांवर विखुरलेल्या आहेत. उलट कोयना-वारणेत साधारण तीस किलोमीटर लांब आणि वीस रुंद टापूत १९६७ पासून पाचच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे विसांवर धक्के झाले. हा फरक किती मोठा, हे मोजायलाही तेच धरणाआधीचे कागद लागतात.