इंग्रजीचे ध्वनी आणि आपल्या घरातली मराठी

बारावीनंतर इंग्रजी घेऊन बी.ए. आणि पुढे एम.ए. करणारी मुले सांवेरात आता नवी राहिलेली नाहीत. एका अंगाला इंदूरचे देवी अहिल्या विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला उज्जैनचे सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ (पूर्वीचे विक्रम विद्यापीठ) आणि गाव मधल्या रस्त्यावर. नाटके-कविता वाचाव्या लागणार हे मुलांना ठाऊक असते. धास्ती बसते ती व्याकरण आणि ध्वनिशास्त्राची. "शाळा हिंदी माध्यमाची, घरी मराठी, मग इंग्रजीचे उच्चार कसे जमायचे?" असे पालक मंडळात विचारतात आणि काही मुले एवढ्या भीतीने विषयच बदलतात. म्हणून या अभ्यासात असते काय, ते सांगावेसे वाटले. आमचे मत आधीच सांगतो: घरात मराठी नीट बोलली जात असेल, तर ही मुले रिकाम्या हाताने वर्गात जात नाहीत.

हा साहेबी थाटात बोलायला शिकवणारा वर्ग नव्हे. तोंडात ध्वनी कुठे आणि कसा तयार होतो, तो अर्थ कसा बदलतो, हे इथे शिकायचे असते. इंग्रजीत अक्षरे 26, पण पुस्तकांत धरलेल्या ब्रिटिश उच्चारात ध्वनी 44: 20 स्वर आणि 24 व्यंजने. अक्षरे पुरत नाहीत, म्हणून 1886 मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या ध्वनिशास्त्र संघटनेची लिपी वापरतात. मुलाच्या वहीत उलटे काढलेले इंग्रजी 'ई' दिसले तर दचकू नये. उलट्या हनुमानाच्या गावातल्या माणसांनी उलट्या अक्षराला काय घाबरायचे! तो ध्वनी आपल्या 'अ'च्या अगदी जवळचा आहे.

अक्षर वेगळे आणि ध्वनी वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 'पैसा' हा शब्द मराठीत आणि हिंदीत लिहायचा एकसारखाच. पण आजी म्हणते 'पइसा', हिंदीच्या बाई वेगळे म्हणतात आणि इंदूरच्या बाजारात तो 'पेसा' होतो, जसा 'भैया'चा 'भिया' झाला.

या अभ्यासाचा पाया म्हणजे स्वनिम. ज्या ध्वनीच्या बदलाने शब्दाचा अर्थ बदलतो, तो त्या भाषेचा स्वनिम. पुस्तकात 'पिन' आणि 'बिन' अशी जोडी असते. आपल्याकडे 'काल' आणि 'काळ', 'वेल' आणि 'वेळ'. पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग, लिहायला एकच, पण दोन्ही 'ज' वेगळे. 'चार माणसे' आणि 'गाईला चार' यांतले दोन 'च' तसेच. इथे एक गोष्ट मनाला लागते. आपली पुष्कळ मुले आता 'चमचा' आणि 'जग' हिंदीच्या उच्चाराने म्हणतात. दंततालव्य 'च' घरातून हळूहळू निघून चालला आहे आणि आपण त्याला नुसते 'हिंदीचे वळण' म्हणून सोडून देतो. 'ळ'चे मात्र तितके भय नाही, कारण माळवीतही तो आहे आणि गावात कानावर पडतो.

मराठी कानाचा एक फायदा तर वर्गात थेट दिसतो. इंग्रज माणूस 'पिन'मधला 'प' किंचित 'फ'सारखा, हवा सोडून म्हणतो आणि 'स्पिन'मधला साधा. त्याच्या भाषेत या फरकाने अर्थ बदलत नाही, म्हणून त्याच्या तो सहसा ध्यानात येत नाही. आपल्याला 'पळ' आणि 'फळ' लहानपणापासून वेगळे ऐकू येतात. तोंडापुढे कागदाचा कपटा धरून दोन्ही शब्द म्हणून पाहावे. तो दुसऱ्या शब्दाला जास्त हलतो.

आपली वर्णमालाही उच्चारस्थानांप्रमाणेच लावलेली आहे: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. घोष आणि अघोष हा भेद प्रातिशाख्यांत स्पष्ट सांगितला आहे आणि युरोपातल्या अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकात तो तिथून उचलला. गळ्यावर बोट ठेवून 'स्स्स' आणि मग 'झ्झ्झ' म्हटले की कंप कळतो. तो कळला की 'कॅट्स'मध्ये शेवटी 'स' आणि 'डॉग्ज'मध्ये 'ज' का, 'वर्क'चा भूतकाळ 'वर्क्ट' आणि 'प्ले'चा 'प्लेड' का, हे पाठ करावे लागत नाही. अघोषापुढे अघोष, घोषापुढे घोष. 'वाक्' आणि 'ईश' मिळून 'वागीश' होतो, त्याच्याच नात्यातली ही गोष्ट.

अडते कुठे, तेही सांगायला हवे. आपण लिहिताना 'व्हॅन' आणि 'वॉच' असा फरक करतो, बोलताना बहुधा करत नाही. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात दातांचा संबंध नाही, ओठ गोल होतात. खरी कसोटी आघाताची. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत 'प्रेझेंट'चा आघात पहिल्या अवयवावर असला तर भेट, दुसऱ्यावर गेला तर सादर करणे. 'फोटोग्राफ'चे 'फटॉग्रफी' होताना आघात सरकतो आणि स्वरही बदलतात. इथे शब्दकोश पाहत राहण्याला पर्याय नाही.

व्याकरणाचेही तसेच. शाळेत चूक-बरोबर शिकवतात, विद्यापीठात वाक्याची घडण उलगडतात. 'लहान मुलांचे कपडे' यात लहान कोण, मुले की कपडे? शब्द तेच, पण जोडणी दोन प्रकारची. वाक्याच्या फांद्या काढायच्या त्या अशाच गोष्टीसाठी. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवला होता. हेच दादोबा काही काळ आपल्या माळव्यात, जावऱ्याच्या नवाबाचे शिक्षक होते. त्यांनी इंग्रजीकडून मराठीकडे वाट काढली, आपल्या मुलांनी उलट दिशेने यायचे आहे.

सुरुवातीला टी. बालसुब्रमण्यम यांचे भारतीय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले ध्वनिशास्त्राचे पुस्तक (1981) घ्यावे. सोबत बन्सल आणि हॅरिसन यांचे 1972चे 'स्पोकन इंग्लिश फॉर इंडिया' पाहावे. भारतीय बोलणाऱ्याला कुठे अडते ते त्यात नेमके सापडते. रोज दहा शब्द ध्वनिलिपीत लिहावेत, मोबाईलवर आपला आवाज भरून शब्दकोशातल्या उच्चाराशी ताडावा. आणि संध्याकाळी आजीजवळ बसून 'चमचा', 'चूल', 'जात्यावरचे जोंधळे' म्हणवून घ्यावे. तिचा 'च' कुठे लागतो, ते वहीत टिपून ठेवावे.