हसनाबादहून क्यूशू: चौदा दिवसांची आखणी

हसनाबादचा दुकानदार चौदा दिवस शटर पाडतो ते लग्नकार्यासाठी, नाहीतर उमऱ्यासाठी. तेवढेच दिवस आणि चांगली मोठी रक्कम जपानच्या क्यूशू बेटासाठी मोडायची, तर आधी तारीख नक्की करावी. दरवर्षी 29 एप्रिल ते 5 मे या दिवसांत अरिता गावात चिनी मातीच्या भांड्यांचा मोठा बाजार भरतो. पण तो जपानमध्ये सुट्ट्यांचा हंगाम. खोल्या महिनोन्‌महिने आधी घ्याव्या लागतात. शिवाय इकडे लग्नसराई. कापडवाल्याने दिवाळीनंतरचा नोव्हेंबरच धरावा.

मुंबईहून बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे फुकुओका गाठता येते. तेथे 2009 साली मशीद उभी राहिली. जुम्याची सोय झाली. जेवणाचे मात्र जपून! तिथल्या प्रसिद्ध शेवयांचा रस्सा डुकराच्या हाडांचा असतो, आणि ‘मिरिन’ नावाच्या गोड मसाल्यात मद्य असते.

पहिला आठवडा कारागिरांकडे घालवावा. फुकुओकात हाकाता रेशमी विणकाम, जवळच कुरुमेचे कासुरी सुती कापड. सूत आधी बांधून रंगवायचे, मग विणायचे. आपल्या पोचमपल्लीचीच जात. हिमरूच्या विणकराला येथे दोन दिवसही अपुरे पडतील.

मग आसो ज्वालामुखी (विषारी वायू वाढला की वाट बंद होते) आणि बेप्पूचे गरम झरे. सार्वजनिक हमामात विवस्त्र उतरतात, म्हणून खाजगी खोली सांगून ठेवावी. शेवटचे तीन दिवस कागोशिमाहून बोटीने याकुशिमाचे, 1993 पासून जागतिक वारसा ठरलेले देवदार-जंगल.