न दिसणारा उजेड दिसतो तेव्हा

आज बोलूया डोळ्याच्या पडद्याबद्दल.

आमच्या बचत गटातल्या एक मावशी दोन वर्षं वहीत सही करताना चाचपडायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "वय झालं, चालायचंच." शेवटी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नवं भिंग बसलं, पण नजर पुरती आली नाही. साखरेच्या आजाराने आतला पडदा आधीच बिघडला होता. भिंग म्हणजे खिडकीची काच, पडदा म्हणजे समोरची भिंत. काच धुरकट असताना भिंतीची अवस्था कशी कळणार?

यावर शास्त्रज्ञांनी एक गमतीची वाट शोधली आहे. ती समजायला घरीच एक प्रयोग करा. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून पुढचा छोटा दिवा बघा, काही दिसणार नाही. तोच दिवा मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक वेळा लुकलुकताना दिसेल. हा अवरक्त उजेड. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी बघतो. याची लहर त्याहून लांब आणि ताकद कमी.

पण भरलेली पाटी एकटीला उचलत नाही, दोघींनी एकदम हात लावला की डोक्यावर चढते ना? तसंच इथे घडतं. अवरक्त लेसर सलग न सोडता सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही छोट्या झटक्यांत सोडला, की उजेडाचे दोन कण पडद्यातल्या एकाच रेणूवर एकदम पोचतात. दोघांची ताकद एक होते आणि सुमारे १००० नॅनोमीटरचा न दिसणारा लेसर हिरवट दिसू लागतो! अमेरिका आणि पोलंडमधल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली हे कारण दाखवून दिलं. पुढे पोलंडच्या तोरुन शहरातल्या विद्यापीठात यावरून पडद्याची तपासणी बांधली गेली.

लांब लहर धुरकट भिंगात कमी विखुरते, म्हणून ती आत नीट पोचते. पडद्यावर एकेका जागी बारीक ठिपका टाकतात. दिसला की माणसाने बटण दाबायचं. जिथे जास्त उजेड लागतो, तिथे पडदा कमजोर.

लेसरची ताकद तिथे मोजून, सुरक्षित मर्यादेतच ठेवलेली असते. जत्रेतल्या लेसरच्या खेळण्यात मात्र कधीही बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका. त्याने पडदा भाजतो.

आणि एक लक्षात घ्या. एवढं मोठं यंत्र, पण शेवटी ते विचारतं, "बाई, तुम्हाला दिसलं का?" आपलं उत्तर नसेल तर त्याला काहीच कळत नाही. मग आपण घरी तरी गप्प का बसायचं? ही तपासणी अजून संशोधनातली आहे. पण थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा तपासणं आज होतं. साखर असेल तर वर्षातून एकदा ते करून घ्याच. धूसर दिसतंय, सरळ रेघ वाकडी दिसतेय, डोळ्यासमोर काळे डाग येतायत, तर पुढच्या बैठकीची वाट न बघता सांगा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.